काही सापडलं नाही, असं लिहून द्या

लोरेटा रायझिगच्या चार ट्रकांनी आठ वर्षांत कुणाच्या आरशालाही ओरखडा काढला नव्हता. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. नेब्रास्कातल्या एल्टन गावाची वस्ती नऊशेची, त्यामुळे सांगायची गरजही नव्हती. मे महिन्यातल्या एका सकाळी गेलन स्ट्रोह तिच्या ऑफिसात आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लोरेटा, तुझा आकडा किती आहे?"

"वजन विचारतोयस का माझं?"

"ट्रकांचा आकडा. सरकारचा."

गेलन हा गावाबाहेरच्या घेवड्याच्या कारखान्याचा व्यवस्थापक. शेतकऱ्यांचा पांढरा घेवडा तिथे साफ होतो, पोत्यांत भरला जातो आणि जगभर जातो. दर सुगीला शेतांवरून कारखान्यात आणि कारखान्यातून रेल्वेच्या कोठारापर्यंत तो लोरेटाच्या ट्रकांतून जायचा. तिचं वर्षातलं निम्म्याहून जास्त काम ते. लोरेटाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर सत्त्याऐंशी होतं.

हा आकडा रस्त्यावरच्या तपासण्यांवरून ठरतो. वजनकाट्याच्या नाक्यावर अधिकारी ट्रक थांबवतो, तपासतो, सापडलेले दोष लिहितो. दोन वर्षांचे असे कागद एकत्र करून सरकार प्रत्येक वाहतूकदाराला त्याच्याएवढ्या इतरांशी ताडून बघतं. सत्त्याऐंशी म्हणजे शंभरातले सत्त्याऐंशी तुझ्यापेक्षा बरे. हा आकडा जगाला दिसत नाही, मालकाला दिसतो. पण माल देणारे तो मागतात आणि नाही म्हटलं तर काय ते समजून घेतात.

"आमच्या विमावाल्यांनी या वर्षी नियम केलाय," गेलन म्हणाला. "ऐंशीच्या वर असेल त्याला माल द्यायचा नाही. सुगीची वाहतूक मी पंधरा सप्टेंबरला ठरवतो. तोपर्यंत खाली आण. नाहीतर मला डेन्व्हरच्या त्या कंपनीला बोलवावं लागेल. चारशे ट्रक आहेत त्यांचे."

"त्यातलाच एक गेल्या वर्षी तुझ्या काट्याच्या खांबाला येऊन आदळला होता ना?"

"हो." गेलनने टोपी उचलली. "पण त्यांचा आकडा एकोणचाळीस आहे."

तो गेल्यावर लोरेटाने हिशेब केला नाही, कारण तो तिला तोंडपाठ होता. घेवडा गेला तर दोन ट्रक विकायचे आणि दोन माणसांना घरी पाठवायचं. त्यातला एक एमिल केश्टर. तो तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून, वीस वर्षं, पहिला ट्रक चालवत होता.

त्रेसष्ट वर्षांची लोरेटा बिटाच्या शेतांवर राबायला रशियातल्या व्होल्गाकाठून आलेल्या जर्मनांची पणती. बापाचं गॅरेज होतं. एकोणिसाव्या वर्षापासून ती हंगामात साखर कारखान्याला बीट ओढायची. नवरा व्हर्लिन नऊ वर्षांपूर्वी वारला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता तिन्ही ट्रक विकून बहिणीकडे ॲरिझोनाला जाणार. तिने चौथा घेतला. दर शनिवारी हातात दिवा घेऊन ती चारही गाड्यांच्या पोटाखाली सरपटत जायची. सांधा, नळी, पट्टा, सगळ्यावरून हात फिरवायची. गाड्यांबद्दल तिला कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. त्यामुळे कागदांकडे तिचं लक्ष कमी होतं.

दुपारी एमिल परत आला तेव्हा तिने पाच कागद टेबलावर मांडून ठेवले होते. त्याच्या ट्रकाच्या दोन वर्षांतल्या पाच तपासण्या, पाचही दोषांच्या. एकात बंद दिवा, एकात चाकामागचा फाटका चिखलरोधक, एकात हवा कमी असलेलं चाक, एकात तेलाचा ओघळ. पाचवा कागद एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला, आणि सगळ्यांत जड. ट्रेलरच्या मागच्या चाकांजवळची ब्रेकच्या हवेची नळी घासून आतली वीण उघडी पडली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"एमिल, दोन वर्षांत तुला किती वेळा थांबवलं असेल?"

"मोजतंय कोण? वीस-बावीस."

"मग कागद पाचच कसे?"

एमिलने तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाकीच्या वेळी काही सापडलंच नाही, म्हणून."

"म्हणून कागद नाही?"

"अगं, चांगला माणूस असला की गाडीभोवती फेरी मारतो, खाली वाकतो, ब्रेक दाबायला लावतो आणि म्हणतो, जा बाबा. कागदात अडकवत नाही, ही त्याची मेहरबानी. मी टोपीला हात लावतो, ही माझी. तीस वर्षं असंच चाललंय."

एमिल एकटाच असा नव्हता. हातात कागद न पडता सुटणं म्हणजे दिवस चांगला गेला, असं त्या रस्त्यावरचा प्रत्येक चालक मानत होता आणि नाक्यावरच्या अधिकाऱ्यांनाही तो चांगुलपणाच वाटत होता. हे दोघे एकमेकांवर उपकार करत असताना वॉशिंग्टनच्या यंत्राला फक्त लिहिलेलं दिसत होतं.

"म्हणजे सतरा वेळा पास झालास," लोरेटा म्हणाली, "आणि सतरा वेळा घरी सांगितलं नाहीस."

"मला काय माहीत पास झाल्याचं सर्टिफिकेट असतं!"

"असतं. त्याच तपासणीचा तोच कागद. फक्त दोषांच्या जागी काही नाही असं लिहिलेला. तो मोजतात. तो जेवढा जास्त, तेवढा आकडा खाली."

एमिलने पाचही कागद पुन्हा चाळले. मग म्हणाला, "हे आधी कुणी का सांगितलं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर लोरेटाकडे होतं, पण ते तिला आवडलं नाही. हे सगळं सरकारच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं आणि ते पत्रक सहा वर्षं तिच्या खणात पडून होतं.

त्या शनिवारी ती एमिलच्या ट्रेलरखाली गेली आणि एप्रिलच्या कागदातली नळी शोधली. नळीला घासू नये म्हणून बाहेरून प्लास्टिकची काळी गुंडाळी असते. ती घासून फाटली होती, चिखलाने माखून तिची लक्तरं लोंबत होती. आतली नळी मात्र धड होती. अधिकाऱ्याने चिखलातून गुंडाळी पाहिली होती आणि नळी असं लिहिलं होतं.

तिने फोटो काढला आणि नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज केला. जूनमध्ये तीन ओळींचं उत्तर आलं: छायाचित्र तपासणीनंतरचे आहे. दोष दूर केल्याचे वाहतूकदाराने स्वतः सहीनिशी कळवले आहे. नोंद कायम.

अर्ज ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याबद्दल तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाच विचारलं होतं, हे तिला नंतर कळलं. त्याचा राग तिला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी तिने फायलीतून आपली प्रत काढली. दोष सापडला की पंधरा दिवसांत मालकाने तो दूर केल्याची सही करून कागद परत पाठवायचा असतो. या धंद्यात ती सही सगळे तशीच करतात, टपाल घेतल्यासारखी. फोनवर बोलताबोलता, एका हातात कॉफी धरून. चौकोनात फुली, खाली नाव. 'दुरुस्ती केली. एल. रायझिग.' नळी न बघता, काहीही न दुरुस्त करता तिने ती सही ठोकली होती, आणि अक्षरही छान आलं होतं.

"त्या गुंडाळीला हात लावायचा नाही," तिने एमिलला सांगितलं.

"फाटकीच ठेवायची?"

"नळीला धक्का नाही तोवर फाटकीच. मी रोज बघेन."

"आणि आणखी काय हुकूम, बॉस?"

"इथून पुढे कुणीही थांबवलं की कागद मागायचा. पूर्ण तपासणीचा."

एमिलने टोपी काढून डोकं खाजवलं. "पोलिसाकडे आपणहून कागद मागणारा पश्चिम नेब्रास्कात एकच माणूस निघणार आणि तो मी. केशकर्तनालयात तोंड कसं दाखवू?"

"तुला केस आहेतच किती?"

थांबवण्याची चिंता नव्हती. नाक्याच्या एक मैल आधी ट्रकमधल्या छोट्या यंत्रावर दिवा लागतो. हिरवा लागला तर सरळ पुढे जायचं, लाल लागला तर आत वळायचं. ज्याचा आकडा वाईट त्याला लाल जास्त. आतापर्यंत चालक त्या लाल दिव्याला शिव्या घालायचे. आता लोरेटा सकाळी ट्रक निघताना म्हणू लागली, "लाल लागू दे रे."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एमिल ऑफिसात शिरला तो शर्टाला तेलाचे डाग आणि चेहऱ्यावर अपमान घेऊन.

"पोरगी होती. अधिकारी म्हणून नवीनच. डांबर बुटाला चिकटत होतं असं ऊन. तिने एक फेरी मारली आणि म्हणाली, ठीक आहे, निघा. मी म्हटलं, मॅडम, पूर्ण तपासा, खालूनसुद्धा. ती म्हणाली, का? मी म्हटलं, काही सापडलं नाही असं लिहून हवंय. ती दोन पावलं मागे सरकली, लोरेटा! म्हणाली, काय लपवताय? मी म्हटलं, लपवायचं असतं तर तपासा कशाला म्हणालो असतो? ते तिला जास्तच संशयास्पद वाटलं."

"मग?"

"मग तिने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून पाऊण तास. चाकं ठोकली, दिवे बघितले, माझा डबा उघडला. कोबी-खिम्याचे पाव मोजले की काय कोण जाणे." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला. "घे."

दोषांच्या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही.

लोरेटाने तो कागद दोनदा वाचला आणि भिंतीवर, व्हर्लिनच्या फोटोशेजारी, टाचणीने लावला. मग रुबार्बच्या आंबट देठांचा भाजलेला केक कपाटातून काढला आणि एमिलसमोर अख्खा ठेवला.

जुलैअखेर भिंतीवर सहा कागद झाले. नाक्यांवर एव्हाना 'रायझिगचे लोक' म्हणून हसू व्हायला लागलं होतं. एका अधिकाऱ्याने तर एमिलला दुरूनच विचारलं, "आज झोपूनच तपासू का वाकून चालेल?" पण कागद मिळत होते. आकडा सत्त्याऐंशीवरून ब्याऐंशीवर आला आणि तिथे बसला.

कारण ती नळी. ताज्या दोषाचं वजन तिप्पट धरतात, सहा महिन्यांनी कमी करतात. एप्रिलची नळी ऑक्टोबरच्या शेवटी हलकी होणार होती. गेलनची तारीख पंधरा सप्टेंबर होती.

"उरलं काय?" एमिलने विचारलं.

"पॉस्पिशिल."

रॅंडल पॉस्पिशिल हा एप्रिलचा कागद लिहिणारा अधिकारी. त्याचा नाका पूर्वेकडे पन्नास मैलांवर होता आणि त्याच्याकडून कुणी कधी 'जा बाबा' ऐकलं नव्हतं.

"त्याच्यासमोर मी जाणार नाही," एमिल म्हणाला. "पगार काप, पण नाही."

"तुला कुठे म्हणतेय? किल्ली दे."

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी लोरेटाने एमिलचा ट्रक काढला. निघण्याआधी गाडीला पूर्ण फेरी मारली, प्रत्येक दिवा पेटवून पाहिला. नाक्याच्या आधी यंत्रावर लाल लागला. ती आत वळली, काट्यावर थांबली आणि काच खाली केली.

पॉस्पिशिल पन्नाशीचा, उंच, काखेत गालिच्याचा तुकडा गुंडाळून धरलेला. तो अंथरून तो गाडीखाली झोपायचा. दारावरचं नाव त्याने वाचलं.

"रायझिग. कागद गोळा करणारे तुम्हीच?"

"हो साहेब. पूर्ण तपासणी हवी आहे."

"तुमचा अर्ज माझ्याकडे आला होता. मी नाही म्हटलं होतं."

"माहीत आहे. म्हणूनच इकडे आले."

तो गाडीच्या पुढे आला. कामाला लागला. पुढचे दिवे, वळणाचे दिवे, काच, भोंगा, चाकं. ट्रेलरच्या डाव्या वरच्या कोपऱ्याशी थांबला आणि बोटाने दोनदा टिचकी मारली.

"हा बंद आहे."

"सकाळी चालू होता."

"असेल. आता नाही."

लोरेटा खाली उतरली. नारिंगी दिवा खरंच बंद होता. पन्नास मैलांत कुठेतरी तार सुटली असणार. तिच्या पेटीत तसलेच चार दिवे होते, बसवायला दोन मिनिटं. पण बसवला तरी सापडलेला दोष लिहिला जातो, हे तिला आता पाठ होतं.

"तुम्ही तपासा म्हणाला नसतात," पॉस्पिशिल म्हणाला, "तर आज मी तुम्हाला थांबवणारही नव्हतो. मागे सहा गाड्या उभ्या आहेत."

तिला त्या सहा गाड्या दिसत होत्या. इथे अजून शब्द टाकायला जागा होती. मेहरबानी करू बघणाऱ्याचा तो आवाज तिने ओळखला. एमिल असता तर त्याने टोपीला हात लावला असता.

"बंद आहे तर बंद लिहा," ती म्हणाली. "जे आहे ते लिहा, एवढंच म्हणणं आहे माझं."

त्याने लिहिलं. मग गालिचा अंथरला आणि खाली गेला. लोरेटाने पेटीतून स्वच्छ फडकं काढलं आणि वाकून त्याच्या हाताशी धरलं.

"मागच्या चाकांजवळ पोहोचलात की हे लागेल."

दिव्याचा झोत एका जागी थांबला. फडकं घासल्याचा आवाज आला.

"ही गुंडाळी तेव्हाचीच?"

"तेव्हाचीच."

"नळी बदललीत."

"तारीख वाचा."

नळीवर कारखान्यातून बनल्याची तारीख छापून येते, दर हातभर अंतरावर. चिखल पुसला की वाचता येते. पॉस्पिशिलने ती मोठ्याने वाचली. चार वर्षांपूर्वीची. मग पुढच्या हातभरावरची वाचली. तीच. त्याने नळी दोन्ही टोकांपर्यंत चाचपली. सांध्यांवर जुना गंज होता, पाना लागल्याची एकही खूण नव्हती.

तो बाहेर आला, उठून बसला, तसाच गालिच्यावर. "मग दुरुस्ती केली अशी सही कशाला केलीत?"

"सगळे करतात म्हणून. बघितलंच नव्हतं."

"काहीच न बघता?"

"काहीच नाही. कॉफी पीत होते."

पॉस्पिशिलने फडक्याची घडी केली. "त्या दिवशी पाऊस होता," तो म्हणाला. "चिखल होता. मी पुसलं नव्हतं." मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. त्याने तिकडे बघितलंही नाही. "तुमची सही बघितली तेव्हा मला वाटलं, बरोबरच लिहिलं आपण. दुरुस्त केलं म्हणजे खराब असणारच."

"मलाही तसंच वाटलं असतं," लोरेटा म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मी वचन देत नाही. पुन्हा अर्ज करा. या नळीचा, तारखेचा फोटो लावा. आजच्या तपासणीचा कागद लावा. मला विचारतील तेव्हा मी आज जे पाहिलं ते सांगेन."

"दिव्यासकट?"

"दिव्यासकट."

तिने तिथेच, काट्याच्या कडेला, नवा दिवा बसवला. घरी आल्यावर तो कागदही भिंतीवर लावला. एमिलने तो वाचला.

"इतकं करून दोष घेऊन आलीस! मी गेलो असतो तर निदान हात हलवत आलो असतो."

"त्यामुळेच तर इथवर आलोय."

दुसऱ्या अर्जाचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. या वेळी एकच ओळ होती: नोंद वगळण्यात आली आहे. आकडे महिन्यातून एकदाच नवे होतात, म्हणून पुढचे काही दिवस लोरेटा रोज कॉम्प्युटर उघडून तेच ब्याऐंशी बघत राहिली. शेतांत घेवड्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. शेतकरी कापणीची यंत्रं बाहेर काढून ग्रीस लावत होते आणि येताजाता विचारत होते, या वर्षी ट्रक तुझेच ना? ती म्हणायची, बघू.

दहा सप्टेंबरला पडद्यावर त्र्याहत्तर आलं.

तिने ते छापलं आणि चालतच कारखान्यात गेली. गेलन काट्याजवळ उभा होता, नव्याने रंगवलेल्या खांबाला टेकून. त्याने कागद हातभर लांब धरून वाचला.

"हा ऑगस्टमधला बंद दिवा?"

"धरून आहे. तो धरूनच त्र्याहत्तर."

"त्या डेन्व्हरवाल्यांचा अजून एकोणचाळीस आहे हं," गेलन म्हणाला आणि कागद घडी करून खिशात घातला. "सोमवारी सहाला पाठव. ओलावा असतानाच उपटतात, शेंगा फुटत नाहीत. आणि एमिलला सांग, माझ्या खांबाला रंग नुकताच दिलाय."

चारही ट्रक सोमवारी बाहेर पडले. नवाच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. एमिल होता. मागे इंजिनाची घरघर, त्याहून वर त्याचा आवाज.

"लोरेटा, भानगड झाली."

ती खुर्चीतून उठली. "काय झालं?"

"हिरवा लागलाय. पुढे जा म्हणतोय. आकडा सुधारला ना आपला! आता कागद कोण देणार?"

ती पुन्हा बसली. भिंतीवर आता आठ कागद होते. त्यातला सगळ्यांत जुना दोन वर्षं पुरी होऊन पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाद होणार होता, मग त्याच्यामागचा.

"आत वळू का तरी?" एमिलने विचारलं. "पॉस्पिशिलचा नाका आहे. दिसतोय मला तो, गालिचा घेऊन उभा आहे."

"भरलेला आहेस. आधी माल पोचव," लोरेटा म्हणाली. "येताना रिकामा असशील, तेव्हा जा आत. आणि फडकं घेऊन जा."